दैत्याचे कान

एका नटमंडळीत एकदा असे घडले, की दैत्य हरेचना.

ही मंडळी गावोगाव फिरणारी होती. उत्सवाच्या दिवसांत देवळापुढच्या अंगणात तिचा खेळ होई. उन्हे कलली की सुरू आणि दिवेलागणीला समाप्त. गोष्ट एकच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. एक दैत्य पृथ्वीवरचा अग्नी पळवून नेतो. देव त्याला गाठतो. दोघांचा वाद होतो. दैत्य वादात हरतो, मग युद्धात हरतो, आणि त्याच्या हातातला पेटता पलिता देव काढून घेतो. तोच पलिता पुजाऱ्याच्या हाती जातो. त्याच्या ज्वाळेने गाभाऱ्यातला दिवा लागतो आणि आरतीला सुरुवात होते. दैत्य हरल्यावाचून गावचा दिवा लागत नाही, अशी रीत होती.

या मंडळीत लिहिलेले पुस्तक नव्हते. खेळाच्या दिवशी सकाळी मंडळीचा म्होरक्या सगळ्यांना समोर बसवी आणि कोण कधी येणार, काय होणार, कोण हरणार एवढेच सांगे. काय बोलायचे ते ज्याचे त्याने उभ्या जागी पाहावे. म्होरक्या सत्तरी ओलांडलेला वृद्ध नट होता. त्याला सगळे अप्पा म्हणत. अप्पा कुणाची स्तुती करीत नसत. ज्याला ते रागावले नाहीत त्याने समजावे, की आज बरे झाले.

त्यांचा शिष्य तुळशीराम. तीन वर्षे त्यांच्या हाताखाली होता आणि दैत्य करीत होता. आवाज खणखणीत, स्मरण अफाट आणि जीभ अशी, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. लोक त्याच्यासाठी येऊ लागले होते. आपल्यासाठी लोक येतात, हे त्याला कळले होते. नटाला हे कळले की पुढची वर्षे जड जातात.

देव करणारा जिवाजी. वय पंचेचाळीस. साधा माणूस. ज्या दिवशी मुकुट घालायचा त्या दिवशी उपास करी आणि पायात वहाण घालत नसे. त्याला फारसे बोलता येत नसे. दैत्याने प्रश्न विचारला की तो थोडा थांबे, एखादे ठरावीक वाक्य म्हणे आणि गदा उचली. जुने दैत्य तेवढ्यावर हरत असत. खेळ वेळेवर संपत असे.

त्या वर्षी पहिला खेळ जिवाजीच्या सासुरवाडीला होता. पुढच्या रांगेत त्याचा सासरा बसला होता, मेहुणे होते, मेहुण्या होत्या. जावई देव झालेला पाहायला सगळे घर आले होते.

तुळशीराम पलिता घेऊन आला आणि पहिल्या वाक्यालाच टाळी घेतली. मग देव आला.

"दैत्या, अग्नी परत कर," जिवाजी म्हणाला.

"करतो की. आधी एक सांग. यज्ञात जळतो तो अग्नी पवित्र. चितेत जळतो त्याला शिवलं तर आंघोळ. अग्नी तर एकच. मग पवित्र कोण? अग्नी, का त्यात पडणारं लाकूड?"

जिवाजी थांबला. "दैत्या, तू अधर्मी आहेस."

"ही शिवी झाली देवा. उत्तर दे."

लोक हसले. हसू ऐकले की तुळशीरामच्या अंगात वारे भरे.

"तुझ्या पापाचा घडा भरला आहे," जिवाजी म्हणाला.

"घड्याचं नंतर बघू. कपाळावरून घाम गळतोय, तो आधी पूस. रंग उतरला तर खालून कोण निघेल कुणाला ठाऊक!"

हशा उसळला. जिवाजीने खरोखरच कपाळाला हात लावला. मग तर माणसे गडबडा लोळू लागली. तुळशीरामने पलिता उंच धरला, देवाभोवती एक फेरी मारली आणि लोकांना विचारले, "मंडळी, हा देव आहे, का मुकुट टांगायची खुंटी?"

पुढच्या रांगेतला सासरा उठला. धोतराचा सोगा झटकला आणि मागे न पाहता निघून गेला.

जिवाजीने ते पाहिले. गदा उचलायचे तो विसरला. आणि देव गदा उचलीत नाही तोवर दैत्याने हरायचे कसे? तुळशीराम बोलत राहिला. त्याला सुचत होते. सूर्य देवळाच्या मागे गेला. पुजारी दारात उभा राहून खुणा करीत होता. शेवटी तो ओरडला, "अरे, आटपा! वेळ टळली!" तुळशीरामने त्यालाही एक उत्तर दिले. त्यावरही हशा झाला.

आणि त्या हशातच पलिता विझला. तेल संपले होते.

हसणारी तोंडे एकदम मिटली. दैत्याच्या हातात काळे लाकूड उरले होते. त्यातून धूर निघत होता. पडद्यामागून अप्पांनी स्वतः झांज घेतली आणि युद्धाचा ठेका वाजवला. जिवाजीने गदा उगारली. दैत्य पडला. देवाने विझलेला पलिता पुजाऱ्यापुढे धरला. पुजाऱ्याने त्याच्याकडे पाहिले नाही. शेजारच्या दुकानातून काडेपेटी मागवली आणि काडी ओढून देवळातला दिवा लावला. गावच्या आठवणीत असे कधी झाले नव्हते.

रंगपटात जिवाजी खोबरेल लावून तोंडाचा रंग पुशीत होता. तुळशीराम आत आला तेव्हा मृदंगवाला म्हणाला, "या दैत्यराज. देवाला मारलंत, दिव्यालाही मारलंत. आता राहिलो आम्ही वादक."

"लोक हसले ते नाही पाहिलंत?" तुळशीराम म्हणाला. "एवढा रंगलेला खेळ या गावानं पाहिला नसेल."

जिवाजी त्याच्याकडे न बघता अप्पांना म्हणाला, "अप्पा, उद्यापासून माझा मुकुट दुसऱ्या कुणाला द्या. माझी बायको या गावची आहे. तिला इथं माहेरपणाला यायचं असतं."

अप्पांनी हातातली झांज खाली ठेवली. मग म्हणाले, "तीन खेळ राहिलेत. ते होईतो थांब. मग मी अडवणार नाही."

जिवाजीने मान डोलावली.

अप्पा तुळशीरामकडे वळले. "आणि तू ऐक. तीन खेळांनंतर जिवाजी गेला, तर त्याच दिवशी तूही जायचंस."

"मी?" तुळशीरामला आधी थट्टाच वाटली. पण अप्पा थट्टा करीत नसत. "अप्पा, माझा काय गुन्हा? सुचतं ते बोलायचं, हीच तर आपली रीत. त्यांना उत्तर सुचलं नाही, तो माझा दोष?"

"तुझं बोलणं झालं," अप्पा म्हणाले. "खेळ कुठं झाला?"

तुळशीराम त्या दिवशी जेवला नाही. त्याला दुसरे घर नव्हते. नट व्हायला म्हणून बापाशी भांडून निघालेला मुलगा. या मंडळीतून बाहेर पडला असता तर परत जायला तोंड नव्हते. आणि दुसऱ्या मंडळीत अप्पा नव्हते. जिवाजी राहिला तर आपण राहणार, एवढे त्याला कळले. म्हणून त्याने ठरवले, की आता हरायचे. त्यात काय मोठे? जिंकणाऱ्याला हरणे अवघड नसते, असे त्याला वाटले.

दुसरा खेळ झाला. तुळशीरामने दोन प्रश्न विचारले, तेही सोपे. जिवाजी म्हणाला, "दैत्या, तुझ्या पापाचा घडा भरला आहे." तुळशीराम लगेच गप्प झाला. त्याने मान खाली घातली, एक लांब सुस्कारा सोडला आणि हसू दाबल्यासारख्या आवाजात म्हणाला, "हरलो, देवा. तुझ्यापुढं कुणाचं काय चालणार!"

युद्ध झाले. पलिता पेटता राहिला. दिवा वेळेवर लागला. लोक उठताना पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "मुद्दाम हरला मेला. देवाची कीव आली त्याला."

हे देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या जिवाजीनेही ऐकले.

तो सरळ तुळशीरामपुढे येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

"तुळश्या, मागच्या खेळात तू मला मारलंस. आज भीक घातलीस. मार बरा होता रे. मार खाल्लेल्या माणसाला निदान लोक माणूस म्हणतात."

"दादा, मी तुमच्यासाठीच..."

"तेच म्हणतोय मी."

 तुळशीराम अप्पांकडे गेला. अप्पा अंगणातल्या पारावर बसून दाढेखाली सुपारीचे खांड धरून होते.

"अप्पा, जिंकलो तर चुकलो. हरलो तर चुकलो. मग करू काय? मुकाटपणे उभा राहू?"

अप्पांनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली.

"पुढच्या खेळात तू देव हो. उपास कर. पायात काही घालू नकोस."

"आणि दैत्य?"

"मी."

ही बातमी मंडळीत पसरायला वेळ लागला नाही. अप्पांनी दैत्य सोडून दहा वर्षे झाली होती. पण एके काळी अप्पांचा दैत्य समोर असला की देव करणारे आजारी पडत, असे जुनी माणसे सांगत. मृदंगवाला तुळशीरामला म्हणाला, "जेवून घे म्हटलं असतं, पण उपास आहे तुझा. रिकाम्या पोटी बडवून घे आता." अप्पांनी आणखी एक विचित्र गोष्ट केली. जिवाजीला त्यांनी सांगितले, की त्या दिवशी तू रंग लावू नकोस, लोकांत पुढे बसून खेळ बघ. जिवाजीने कारण विचारले नाही. आपला सूड अप्पा उगवणार, असे त्यालाही वाटले असावे. तसे वाटायला त्याला हक्क होता.

तिसरा खेळ डोंगराच्या पायथ्याच्या गावी होता. माघ महिना. ऊन उतरले तशी थंडी जाणवू लागली. लोक घोंगड्या पांघरून बसले होते.

अप्पा पलिता घेऊन अंगणात आले, आणि तुळशीरामला वाटले, हा माणूस आपण कधी पाहिलेलाच नाही. वाकलेली पाठ कुठे गेली? पाऊल टाकीत होते ते दगडावर दगड ठेवल्यासारखे. एकाही टाळीसाठी ते थांबले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवायचे धाडसही केले नाही.

तुळशीरामने बरीच तयारी केली होती. देवाची दहा-बारा उत्तरे त्याने घोकून ठेवली होती. तो म्हणाला, "दैत्या, अग्नी एकट्याचा नसतो. तो सर्वांचा आहे. परत कर."

"सर्वांचा?" अप्पांचा आवाज मोठा नव्हता. "मी पळवण्याआधी सर्वांच्या चुली पेटत होत्या?"

"होत्या."

"गावकुसाबाहेर एकदा फिरून आलास? तिथं किती चुली होत्या ज्यांत राख होती आणि आच नव्हती? मोजल्यास?"

तुळशीरामने दुसरे उत्तर काढले. "कर्माप्रमाणे ज्याला त्याला मिळतं."

"मग माझ्या कर्मानं मला हा पलिता मिळाला. मागायला का आलास?"

अंगणात कुणी हालले नाही. तुळशीरामने तिसरे उत्तर काढले, चौथे काढले. त्याचे वाक्य संपण्याआधी त्याला कळत होते, की ते चालणार नाही. अप्पा पुढे पुढे येत होते. "त्या चुली विझल्या तेव्हा तुला जाग आली नाही. मी यज्ञातला अग्नी उचलला तेव्हा धावत आलास. ज्यांच्या घरी तूप आहे त्यांचा देव तू. बोल. आहेस की नाहीस?"

तुळशीरामच्या पाठीवरून घामाची धार गेली. मुकुट जड झाला. पायाखालचा दगड गार पडला होता आणि तळवे बधिर झाले होते. लोक आपल्याकडे बघत आहेत, हे त्याला त्वचेवर जाणवत होते. त्यांत जिवाजी होता. त्याच्या तोंडाकडे बघायचा तुळशीरामला धीर झाला नाही. घोकलेले सगळे संपले होते. आता अप्पा एक वाक्य बोलतील आणि हशा होईल. तो हशा कसा असतो, ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

शेवटी त्याच्या तोंडून जे निघाले, ते त्याने ठरवले नव्हते. आवाजही धड निघाला नाही.

"मला उशीर झाला. चुकलं. पण आता लोकांना थंडी वाजतेय. दे."

आणि अप्पा थांबले.

उचललेले पाऊल त्यांनी तिथेच खाली ठेवले. त्यांनी मान वळवून लोकांकडे पाहिले. नटाने प्रेक्षकांकडे पाहावे तसे नव्हे. रस्त्याने जाणाऱ्याने उघड्या दारातून आत पाहावे तसे. घोंगडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसे त्यांनी एकेक करून पाहिली. त्यांचा चेहरा बदलत गेला. काय बदलले ते सांगता येणार नाही. रागाच्या मागे एक थकवा होता, तो पुढे आला.  मग पलिता धरलेला हात आपणहून पुढे झाला.

तुळशीरामने पलिता घेतला. युद्धाचा ठेका वाजवायचा असतो, हे मृदंगवाला विसरला. युद्धाची आठवण कुणालाच झाली नाही. पुजारी दोन्ही हात जोडून पुढे आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दिवा लागला.

खेळानंतर लोक तुळशीरामच्या पाया पडत होते. "काय बोलला देव!" असे म्हणत होते. त्यालाही क्षणभर आपण देव झाल्यासारखे वाटले. रंगपटात मृदंगवाल्याने विचारले, "ते शेवटचं काय म्हणालास रे? एकदा परत म्हण."

तुळशीरामने म्हणून दाखवले. मृदंगवाल्याने ते स्वतःशी पुटपुटून पाहिले. मग म्हणाला, "एवढंच? हे तर आमची म्हातारी रोज म्हणते. थंडी वाजतेय, घोंगडी दे."

दोघेही हसले. पण तुळशीरामच्या मनात ते कुसळासारखे रुतून बसले. खरेच, वाक्यात काही नव्हते. त्या वाक्याला त्याच्याजवळच तीन उत्तरे होती. दैत्य म्हणून तो उभा असता, तर तिथल्या तिथे दिली असती. अप्पांना सुचली नाहीत, हे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा विहिरीवर तोंड धूत होते. कानामागे अजून थोडा काळा रंग राहिला होता. तुळशीराम त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. जिवाजी थोडा अलीकडे धोतर पिळीत होता.

"अप्पा, माझ्या त्या वाक्याला उत्तर होतं."

"चार होती."

"मग दिलं का नाहीत? तुम्हीही मला भीकच घातलीत ना?"

अप्पांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि कठड्यावर बसले. ते एकदम इतके कधी बोलत नसत.

"भीक घालायची तर हातात काही असावं लागतं. मजजवळ त्या वेळी काही नव्हतं. ती चार उत्तरं मला सुचली नंतर, रंग पुसताना. तू म्हणालास, लोकांना थंडी वाजतेय. मी लोकांकडे पाहिलं. वाजत होती. मग काय बोलायचं? तू समोरच्याचं ऐकत नाहीस, तुळश्या. त्याचं बोलणं संपायची वाट बघतोस. कान उघडे ठेवून आत पुढचं वाक्य जुळवत बसतोस. म्हणून तुला जिंकता येतं, आणि हरायला गेलास तर खोटं दिसतं. मुकुट घातला म्हणून कुणी देव होत नाही. त्याचं वाक्य चांगलं म्हणूनही होत नाही. समोरचा दैत्य त्याचं जेवढं ऐकतो, तेवढाच तो देव होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ देव केले. मुकुट मात्र एकदाही घातला नाही."

एवढे बोलून ते उठले आणि गेले. पुढे त्यांनी या विषयावर एक अक्षर काढले नाही.

जिवाजी धोतर झटकून वाळत घालीत होता. तुळशीराम त्याच्याजवळ गेला. क्षमा मागायची, असे ठरवून गेला होता. पण क्षमेचे वाक्यही त्याने मनात जुळवूनच आणले होते, आणि ते त्याचे त्यालाच जाणवले. तो थांबला. मग त्याने जे खरेच ठाऊक नव्हते ते विचारले.

"दादा, देव करताना तुम्ही डोळे कुठं ठेवता? काल मला कुठं बघावं कळेना."

जिवाजीने संशयाने पाहिले. "का? नवी चेष्टा शोधतोयस?"

"नाही. खरंच कळलं नाही."

जिवाजीने दोरीवरच्या धोतराची चुणी सरळ केली. "ज्योतीकडं. पलित्याच्या ज्योतीकडं बघतो मी. दैत्याच्या तोंडाकडं बघितलं की मला भीती वाटते."

"माझ्या तोंडाची?"

"तुझ्या आधीच्यांचीही वाटायची. तुझी जास्त." त्याने धोतराची दुसरी कड ओढली. "मुकुट आत येऊन काढला की हात कापत असतात माझे. तू कधी आत लवकर येत नाहीस. टाळ्या घेत असतोस. तुला कसं दिसणार?"

तुळशीरामने मान हलवली.  दोरीच्या दुसऱ्या टोकाला राहिलेले एक ओले धोतर होते. त्याचे एक टोक त्याने धरले. दोघांनी मिळून ते पिळले.

शेवटचा खेळ. देव जिवाजी, दैत्य तुळशीराम. रंग लावताना जिवाजी कुणाशी बोलला नाही. आज संपले की जायचे, हे त्याने घरी कळवले होते.

तुळशीरामने दैत्य सौम्य केला नाही. अप्पांचा दैत्य त्याने पाहिला होता. सौम्य दैत्यापुढे देवाला उभे करणे हाही अपमानच, हे त्याला समजले होते. त्याने आपले सगळ्यात धारदार प्रश्न विचारले. जिवाजी अडखळला. "तुझ्या पापाचा..." म्हणाला आणि थांबला. ते वाक्य आता त्याला स्वतःलाच पुरेना. लोकांत कुणीतरी हसले. पलिता जळत होता. जिवाजी ज्योतीकडे बघत होता.

मग त्याने डोळे वर केले आणि प्रथमच दैत्याच्या तोंडाकडे पाहिले.

"दैत्या, मला तुझ्यासारखं बोलता येत नाही," तो म्हणाला. "कधीच आलं नाही. तू बोलतोस, मी उभा राहतो. तू हसवतोस, मी उभा राहतो. मला भीती वाटते, तरी उभा राहतो. एकदा सोडलं, तर अग्नी घेतल्यावाचून मी कधी परत गेलो नाही. आज कसा जाईन?"

 लोक आता दैत्याकडे बघत होते. उत्तराची वाट पाहत होते. हा दैत्य उत्तरावाचून राहत नाही, हे पंचक्रोशीत ठाऊक होते.

तुळशीरामला समोर एक माणूस दिसला. अनवाणी. दिवसभराच्या उपासाने ओठ सुकलेले. मानेवर रंगाखालून एक शीर उडत होती. या माणसाला भीती वाटते आणि हा रोज इथे येतो. आपल्याला भीती वाटत नाही म्हणून आपण येतो. उभे राहणे म्हणजे काय, ते दोघांत जास्त कुणाला ठाऊक असेल? हा विचारही त्याने केला, असे नाही. तो फक्त बघत राहिला. पलिता किती वेळ आपल्या हातात होता, हे त्याला नंतर सांगता आले नाही. ज्योत हालली, तेव्हा त्याला कळले, की आपला हात पुढे झाला आहे.

जिवाजीने पलिता घेतला. या वेळी मृदंगवाला ठेका विसरला नाही. युद्ध झाले, थोडक्यात आणि जोरदार. दैत्य असा पडला, की पहिल्या रांगेतल्या बायका दचकल्या. लोकांनी जयजयकार केला तो देवाचा. तुळशीराम दगडावर डोळे मिटून पडला होता. जयजयकार त्याने पडल्या पडल्या ऐकला. आपल्यासाठी नसलेली टाळी त्याने आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत ऐकली.

रंगपटात जिवाजीने मुकुट काढला. तुळशीराम आज त्याच्या आधी आत आला होता. जिवाजीचे हात कापत होते. तुळशीरामने मुकुट त्याच्या हातातून घेतला आणि नीट ठेवला.  जिवाजीने तोंडाला खोबरेल लावले, रंग पुसला, तोंड धुतले. बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "अप्पा, पुढच्या वर्षी पहिला खेळ कुठं?"

"तुझ्या सासुरवाडीला," अप्पा म्हणाले. "बोलावणं आलं तर."

"येईल. मी सासऱ्यांशी बोलतो."

अप्पांनी तुळशीरामकडे पाहिलेही नाही. ते त्याला रागावलेही नाहीत. त्यावरून त्याने काय ते समजून घेतले.

मृदंगवाला मृदंगाला खोळ घालीत होता. तो तुळशीरामच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "आम्हाला सांगायला काय हरकत आहे? दाबून धरलंस ना उत्तर? काय होतं?"

तुळशीराम क्षणभर आठवू लागला. खरोखर आठवू लागला.

"नाही रे," तो म्हणाला. "सुचलंच नाही."

आपल्यासमोर उभा असलेला माणूस मोठा होतो की लहान, हे पुष्कळदा त्याच्या बोलण्यावर ठरत नाही. आपल्या ऐकण्यावर ठरते.